साळ्याला परत धाडलं तेव्हा

फार मागची गोष्ट. तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. दोन राज्यांच्या हद्दीवर एक ठाणं होतं. भिवा तिथला गाडीवान. हद्द ओलांडून आलेल्यांना परत नेऊन सोडायचं, हे त्याचं काम.

एकदा पलीकडून तिघं जणं आली, कापड विणणारा एक साळी आणि दोन बहिणी. तिकडचा राजा आपल्याविरुद्ध बोलेल त्याला तुरुंगात टाकत होता. या तिघांनी भर बाजारात उभं राहून 'त्यांना सोडा' असं म्हटलं होतं. "आम्हाला आसरा द्या," म्हणून त्यांनी हात जोडले. ठाणेदाराने तिघांना कोठडीत घातलं.

लवकरच तिकडून खलिता आला. 'आमची माणसं परत धाडा. त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही.' इकडच्या राजाला शेजाऱ्याशी वाकडं नको होतं. त्याने हुकूम दिला, "आधी साळ्याला पाठवा, मग बहिणींना."

वाटेत साळी म्हणाला, "दादा, बैल जरा सावकाश हाका."

याला गाडीचे धक्के सोसत नसतील, असं भिवाला वाटलं. हद्दीवरच्या ओढ्यापलीकडे तिकडचे शिपाई उभे होते. साळी उतरला, भिवाला रामराम करून पाण्यात शिरला.

पंधरा दिवसांनी एक बाई ओढा ओलांडून आली. "तुम्हीच ना गाडीवान? माझे मालक साळी. ते घरी आलेच नाहीत. कुठे सोडलंत त्यांना?"

"ओढ्यावर. तुमच्या शिपायांच्या हाती."

"शिपाई म्हणतात, असा कुणी माणूस आलाच नाही."

साळी सावकाश जायला का सांगत होता, ते भिवाला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी बहिणींना न्यायचा हुकूम झाला. भिवाने बैल जुंपले नाहीत.

"राजाचा हुकूम आहे," ठाणेदार म्हणाला.

"असेल, साहेब. पण त्या बाईला तोंड मला दाखवावं लागतंय."

ठाणेदाराने त्यालाही कोठडीत घातलं आणि गावात दुसरी गाडी मागितली. पण साळ्याची बायको चावडीपाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तोच प्रश्न विचारत होती. गावात कुणीच गाडी देईना.

शेवटी राजा स्वतः ठाण्यावर आला. बाई त्याला म्हणाली, "महाराज, खलित्यावर तुम्ही विश्वास ठेवलात. आता तिकडच्या राजालाच विचारा, माझे मालक कुठे आहेत?"

राजाने जासूद धाडला. तो उत्तर न घेताच परतला.

मग राजाने भिवाला सोडलं, बहिणींना आसरा दिला आणि जीव वाचवायला आलेल्याला यापुढे परत धाडू नये, अशी दवंडी पिटवली.

"हेच महिन्याभरापूर्वी केलं असतंत तर," बाई म्हणाली. राजाने मान खाली घातली.

दोघी बहिणी त्याच गावात म्हाताऱ्या झाल्या. साळ्याचा ठावठिकाणा कधीच लागला नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, लक्षात ठेवा: आसरा मागणाऱ्याला परत धाडलं तर त्याचं काय होईल, हे आधीच विचारावं; नंतर विचारून माणूस परत मिळत नाही.