धुरपदा गोरी होती

नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्याचा बाजार पलीकडे. मधे पूल नव्हता, होडी होती. त्या गावात धुरपदा नावाची भोईण राहायची. रंगाने काळी, अंगाने काटक, आणि पाण्यात शिरली की माशाने वाट द्यावी अशी.

तरुणपणी तिने एक मोठं काम केलं होतं. बाजारच्या दिवशी भरलेली होडी ऐन धारेत उलटली. काठावर नुसती बोंबाबोंब. धुरपदेने दोराचं एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं कमरेला, आणि उडी टाकली. त्या दोराला धरून बायाबापड्या, लेकरं काठाला लागली. गावाने तिची खणानारळाने ओटी भरली, चार दिवस कौतुक केलं आणि पाचव्या दिवशी माशांच्या भावावरून तिच्याशी घासाघीस सुरू केली. गावाची रीतच ती.

पुष्कळ वर्षांनी ही गोष्ट शहरातल्या एका सिनेमावाल्या शेठच्या कानावर गेली. मोटारी आल्या, दिवे आले, गावाला फुकटची जत्रा मिळाली. शेठने धुरपदेला खुर्ची दिली, तिच्या तोंडून सगळं ऐकून घेतलं, रुमालाने डोळेही पुसले. मग धुरपदेचं काम करायला त्याने जी नटी आणली, ती गोरीपान.

म्हातारा धोंडू नावाडी न राहवून म्हणाला, "शेठ, आमची धुरपदा काळी हाय की."

शेठ हसला. "बाबा, काळा चेहरा बघायला कोणी तिकीट काढत नाही. नायिका उजळच लागते."

सगळ्यांनी धुरपदेकडे पाहिलं. गोष्ट तिची होती. ती नको म्हणाली असती तर शेठला थांबावं लागलं असतं. पण चारचौघांत आपल्या रंगाची चर्चा झाल्याने ती ओशाळली. पदर सावरत म्हणाली, "माझं काय जातंय? नाव माझंच हाय न्हवं?"

केवढं मोठं मन, असं गाव म्हणालं. मला विचाराल तर ती तिथेच चुकली, आणि तिला वाखाणणारे तिच्याहून जास्त चुकले.

नटीला पोहता येत नव्हतं. जवळून चेहरा दाखवायचा असला की ती गुडघाभर पाण्यात उभी राहून हात मारी. लांबून पोहायला मात्र खरी धुरपदाच लागली. त्यासाठी तिच्या दंडांना पांढरट रंग फासत. पाण्याने तो धुऊन गेला की तिला बाहेर बोलावत आणि पुन्हा फासत. काठावर बसून गावातली मुलं हे बघत होती. त्यांत धुरपदेची भाची मंजुळाही होती. ती आत्यासारखीच काळी, आणि आत्यानेच पाण्यात तयार केलेली.

पुढे तो सिनेमा गावाबाहेरच्या तंबूत लागला. पडद्यावर गोरी धुरपदा पुरात झेपावली, दोनदा बुडाली, दोनदा वर आली. तंबूत शिट्ट्या वाजल्या, बायका रडल्या. मुलांनी तो रोज पाहिला, कधी तिकीट काढून, कधी कनातीखालून शिरून. दिसतं तसं नसतं, हे मोठ्यांना ठाऊक असतं. मुलांना जे दिसतं, तेच असतं. गुडघाभर पाणी मुलं विसरली. दंडांवरचा रंगही विसरली.

मग गावात सिनेमा-सिनेमाचा खेळ सुरू झाला. धुरपदा कोणी व्हायचं, यावर भांडण असं झालंच नाही. किराणा दुकानदाराची नलू गोरी होती. तिने जन्मात नदीत पाय भिजवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, पण धुरपदा तीच.

एकदा मंजुळा म्हणाली, "आज मी होते धुरपदा."

मुलं खदखदून हसली. एकजण म्हणाला, "तू कशी हुशील? धुरपदा गोरी व्हती."

खरी धुरपदा त्या वेळी पन्नास पावलांवर जाळं वाळवत बसली होती. मंजुळेने तिच्याकडे पाहिलं, मग नलूकडे पाहिलं, आणि भांडली नाही. सिनेमा तिनेही पाहिला होता. तिला काठावर रडणाऱ्या बाईचं काम मिळालं. तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायचे. ते ती मन लावून करू लागली.

इतके दिवस हा खेळ वाळूत चाले. एके दिवशी दुपारी नलू म्हणाली, "आज खरोखर करू." मुलं होडीच्या धक्क्यावर गेली. नलूने कमरेला दोर गुंडाळून गाठ मारली. दुसरं टोक मुलांनी धरलं. आणि पोहता न येणारी ती पोर खुशाल डोहात उडी टाकून मोकळी झाली.

ती बुडाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमात बाई अशीच बुडते.

ती वर आली. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. हात वरच्या वर हवेत मारत होती. पुन्हा टाळ्या झाल्या. असे हात पोहणाऱ्याचे नसतात, हे त्या धक्क्यावर फक्त मंजुळेला कळत होतं. तरी ती तोंडावर हात घेऊन उभीच राहिली.

नलू दुसऱ्यांदा बुडाली. "आता बाई वर येतीया," कोणीतरी म्हणालं. दोर ओढला तर तो हलकाच हातात आला. गाठ सुटली होती. टाळ्या थांबल्या.

बाजाराहून परतणाऱ्या धुरपदेने पलीकडच्या काठावरून ते पाहिलं. ती ओरडली, "मंजुळे, उडी टाक!" आणि स्वतः पाण्यात पडली. पण नदी रुंद होती आणि मधे धार होती. मंजुळेने आजूबाजूला पाहिलं, जणू हाक दुसऱ्याच कोणाला होती.

बाई वर येत नव्हती. आता सिनेमातलं काहीच उरलं नव्हतं, तेव्हा कुठे मंजुळेने उडी टाकली. तिने तळाशी जाऊन हात फिरवला. हाताला माती लागली, शेवाळ लागलं, मग वेणी लागली. ती घट्ट धरून तिने वर जोर केला. नलू जड झाली होती, दोघीही धारेत ओढल्या जाऊ लागल्या. तेवढ्यात धुरपदा पोहोचली आणि तिने दोघींना काठावर आणलं.

नलूचे ओठ निळे पडले होते. धुरपदेने तिला पालथी घातली, पाठ दाबली, पुन्हा दाबली. मुलं रडायलाही विसरली. फार वेळाने नलूच्या तोंडातून पाणी आलं, आणि मग रडणं.

धुरपदेने मंजुळेचा दंड धरून तिला गदागदा हलवलं. "तुला पवता येतं. ती बुडतीया हे तुला दिसत व्हतं. मग इतका येळ का उभी ऱ्हायलीस?"

मंजुळा म्हणाली, "आत्या, माझं काम रडायचं व्हतं."

धुरपदेचा हात सुटला. नाव आपलंच राहिलं म्हणून ती इतके दिवस निर्धास्त होती. आपल्याच घरातली पोर आपल्याला ओळखेनाशी झाली, हे तिला आज कळलं. ती तिथेच चिखलात बसली आणि रडली. होडी उलटली त्या दिवशीही ती रडली नव्हती.

तात्पर्य: ज्याचा पराक्रम, त्याचाच चेहरा मुलांना दाखवावा. चेहरा बदलला की एका लेकराला खोटं बळ येतं आणि दुसऱ्याचं खरं बळ जातं.