बसवलेली पोती

एकदा एका माळावर एक कारखाना उभा राहिला. विजेवर चालणारी, तीन चाकांची, चालकामागे एकच माणूस बसेल एवढी चिमुकली गाडी तिथे तयार व्हायची होती. उद्घाटन थाटात झालं. फाटकावर कमान चढली. गाडीचं रंगीत चित्र असलेली दिनदर्शिका दरवर्षी नेमाने छापली जाऊ लागली. पाच वर्षं लोटली तरी गाडी तेवढी फाटकाबाहेर पडली नव्हती.

त्या कारखान्यात एक वृद्ध मिस्त्री होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. श्रीरंग नावाचा तरुण अभियंता त्यांच्याकडे शिकत होता. पदवी त्याच्याकडे होती, अधिकारही त्याच्याकडेच होता. गाडी रस्त्यावर आणण्याच्या दाखल्यावर सही त्याचीच लागणार होती. तरीही तो स्वतःला तात्यांचा शिष्य म्हणवून घेई. एवढी नम्रता आजकाल पाहायला मिळत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

गाडीसाठी नाव नोंदवलेली माणसं फाटकाशी चौकशीला येत. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला बस चढवत नाही, कुणाच्या वाडीपर्यंत बसच जात नाही. श्रीरंग त्यांना तारीख सांगे. गणपतीला म्हणे दसऱ्यापर्यंत, दसऱ्याला म्हणे दिवाळीपर्यंत. त्यात लबाडी नव्हती. त्याला ते दर वेळी खरंच वाटायचं, आणि मला विचाराल तर तेच अधिक वाईट.

तात्या तारीख कधीच सांगत नसत. ते आलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारत, "तुमचं वजन किती?"

माणूस गोंधळून सांगे. तो परत गेला की तात्या तेवढी वाळू तोलून पोत्यात भरत, तोंड शिवत, गेरूने त्यावर त्या माणसाचं नाव लिहीत आणि मागच्या शेडमधल्या बाकावर ते पोतं बसवून ठेवत. आडवं नाही, पाठ भिंतीला टेकवून, नीट बसवून. अशी त्रेचाळीस पोती झाली होती. सगळ्यांची तोंडं दाराकडे.

श्रीरंगला त्या शेडमध्ये जायला नको वाटे. भर दुपारीदेखील तिथे गारवा असायचा. हिवाळ्यात वाळू दमट होई आणि पोत्यांवर छातीच्या उंचीला ओले डाग उमटत. तो आत शिरला की बोलणं नुकतंच थांबल्यासारखी शांतता पसरे. एकदा त्याला वाटलं, काल डावीकडे कललेलं पोतं आज सरळ बसलं आहे. त्याने तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "अवघडतं रे माणूस. मीच सरळ केलं." श्रीरंग हसला, पण अंगावर आलेला काटा काही गेला नाही. नाव नोंदवलेल्यांपैकी दोघे वाट पाहता पाहता वारले. बातमी आली तेव्हा तात्यांनी त्यांची पोती ओढ्याकाठी नेऊन रिकामी केली, हात-पाय धुतले आणि त्या दिवशी काम न करता घरी गेले.

गाडीच्या चाचण्या मात्र उत्तम चालल्या होत्या. प्रवाशाचं वजन म्हणून चाचणीवाले वाळूची पोती गाडीत टाकत आणि चढ-उतार, वळणं, खड्डे, सगळीकडून ती फिरवून आणत. गाडी कुठेच डगमगत नव्हती. तात्यांनी तीनदा सांगून पाहिलं होतं, "पोती सीटवर बसवून बघा." श्रीरंगने तिन्ही वेळा मान डोलावली होती. पण बसवलेलं पोतं दोरीने बांधावं लागतं, वेळ जातो. पायाशी आडवं टाकलं की झालं. वजन तर तेवढंच!

चौकशीला येणाऱ्यांमध्ये सगुणाबाई म्हणून एक शिक्षिका होत्या. लहानपणीच्या आजाराने त्यांचा डावा पाय वाळलेला. शाळा घाटापलीकडच्या वाडीत; भाऊ त्यांना मोटारसायकलवरून सोडायचा. चैत्रात तो परगावी जाणार होता. मग गाडी आली तर नोकरी राहील, नाहीतर सुटेल, इतकं ते सरळ होतं. गावातल्याच शाळेत एक जागा रिकामी झाली होती, आणि बदलीचा अर्ज दिवाळीतच करता आला असता. पण श्रीरंगने सांगितलं, "बाई, संक्रांतीला गाडी तुमच्या दारात उभी असेल." वाडीतली मुलं सोडवत नव्हती, म्हणून बाईंनी अर्ज केला नाही. दर गुरुवारी शाळेला बाजाराची सुट्टी असे, तेव्हा त्या येऊन विचारून जात. आता त्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती.

त्याच आठवड्यात मालकांनी ठरवलं, शनिवारी समारंभ करायचा आणि गाड्या सोडायच्या. दाखला श्रीरंगच्या टेबलावर आला. गुरुवारी सकाळी तो सहीला बसला, तेव्हा तात्या दारात उभे राहिले.

"सही कर. फक्त त्याआधी एक फेरी तू स्वतः मार. शेडमधलं कुठलंही पोतं घे, पण बसवून ने."

"तात्या, साठ फेऱ्या झाल्यात."

"मग एकसष्टावी तुला जड जाणार नाही."

पौषातलं धुकं माळावर दाट उतरलं होतं. श्रीरंगने चिडून नाव न बघताच पोतं उचललं, मागच्या सीटवर बसवलं, दोरीचा एक फेरा मारला आणि उताराच्या रस्त्याने निघाला. विजेच्या गाडीला आवाज नसतो. आठ वाजून गेले होते, पण पुढे काही दिसत नव्हतं, मागचं काही ऐकू येत नव्हतं. तरी मागे कुणी बसलं आहे हे त्याला पाठीला कळत होतं. वळणावर पोतं बाहेरच्या बाजूला झुकलं. आतलं चाक वीतभर उचललं गेलं, क्षणभर गाडी हवेत थांबल्यासारखी झाली आणि धाडकन परत खाली आली. त्याने ब्रेक दाबून मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

तो धावत मागे गेला. रस्त्यावर पोतं नव्हतं. चरातही नव्हतं. दहा पावलांवर गवत दबलेलं दिसलं, आणि त्यापुढे उताराच्या कडेला, मैलाच्या दगडाला पाठ टेकून ते बसलेलं होतं, शेडमध्ये बसायचं तसंच. शिवण उसवून कुशीतून वाळू गळत होती. सरसर, सरसर, थांबत नव्हती. गेरूची अक्षरं त्याने वाचली. सगुणाबाई, सेहेचाळीस किलो.

आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी ती फाटलेली जागा दाबून धरली. त्याच्या तोंडून "बाई, बाई" असं निघालं.

"काय झालं साहेब?"

आवाज मागून, धुक्यातून आला. श्रीरंगने वळून पाहिलं. सगुणाबाई काठी टेकत रस्त्यावर उभ्या होत्या. एस.टी.तून उतरून त्या नेहमीसारख्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग पोत्याकडे, आणि आपलं नाव वाचलं. वाळू बोटांमधून अजून झिरपत होती.

"ही मी आहे का?" त्यांनी विचारलं.

तोवर तात्या खाली येऊन पोचले होते. ते दगडाशेजारी उकिडवे बसले.

"होय बाई," ते म्हणाले. "श्रीरंग, आडव्या पोत्याचा भार तळाशी राहतो, म्हणून गाडी कलंडत नाही. बसलेल्या माणसाचा भार वर, छातीपाशी असतो. माणूस बसून प्रवास करतो रे. आडवा होऊन तो एकदाच जातो, आणि तेव्हा त्याला गाडी लागत नाही, चौघे पुरतात. मागच्या दोन चाकांतलं अंतर वाढवावं लागेल. म्हणजे सांगाडाच नवा, म्हणजे आणखी वर्ष."

"आणि नावं कशाला लिहिता?" श्रीरंगने विचारलं.

"नुसती वाळू पडली असती तर तू परत जाऊन दुसरं पोतं घेतलं असतंस. आज धावत मागे आलास." तात्यांनी पोत्याची कड मुठीत धरली. "गाडीला उशीर झाला तर होऊ दे, तो आपण सोसू. पण दर सणाला आपण नवी तारीख वाटली आणि माणसांना दाराकडे तोंड करून बसवून ठेवलं. शेडमधली पोती मी भरली, बाहेरची तू. मीही काही निर्दोष नाही. वजन विचारत राहिलो, तारीख खोटी आहे हे फाटकाशी कधी बोललो नाही. भीड पडली."

श्रीरंग उठला. हाताची वाळू झटकायचंही त्याला सुचलं नाही.

"बाई, गाडी यंदा येणार नाही. पुढच्या वर्षी येईल का, तेही मला माहीत नाही."

सगुणाबाईंचा चेहरा उतरला. डोळे भरले, पण त्यांनी ते पुसले नाहीत. "दिवाळीत हे सांगायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. "मी मुलांना सांगून ठेवलंय, बाई कुठे जात नाहीत म्हणून."

त्यांनी काठी सावरली. मग म्हणाल्या, "मुदत उद्याची आहे. आजच तालुक्याला जाऊन अर्ज देते. दहाची एस.टी. मिळाली पाहिजे."

"मी येतो थांब्यापर्यंत," श्रीरंग म्हणाला. गाडी तिथेच कडेला सोडून तो त्यांच्याबरोबर चालू लागला.

कारखान्यापासून एस.टी.चा थांबा दीड मैलावर. श्रीरंग रोज मोटारीने तो रस्ता तीन मिनिटांत पार करायचा. त्या दिवशी, निम्म्या वाटेपासूनच, त्याला पाऊण तास लागला. दर वीस-पंचवीस पावलांवर बाई थांबत, काठी दुसऱ्या हातात घेत, पुन्हा निघत. गेल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक गुरुवारी त्या हा सगळा रस्ता जाऊन-येऊन चालल्या होत्या, त्याने सांगितलेली एकेक तारीख ऐकायला. त्याने मनात ते गुरुवार मोजायचा प्रयत्न केला आणि मधेच सोडून दिला.

अर्ज वेळेत पोचला. शनिवारचा समारंभ झाला नाही. मालक पुष्कळ चिडले, दाखला मात्र कोराच राहिला. उरलेल्या चाळीस जणांकडे श्रीरंग स्वतः गेला. जिथे जाईल तिथे शिव्या खाल्ल्या, आणि तरी पुढच्या घरी गेला.

कुणाला 'लवकरच' म्हणण्याआधी एकदा त्याच्या चालीने त्याची वाट चालून पाहावी.