पाणतेल्या

फार पूर्वी एका खाडीच्या काठी, नारळीच्या दाटीत, तेल्यांची चौदा घरं होती. ही माणसं यहुदी. त्यांचे वाडवडील कधी काळी गलबत फुटून या किनाऱ्याला लागले आणि इथलेच झाले. मराठी बोलत, भात-मासळी खात, घाण्यावर तीळ आणि खोबरं गाळत. फक्त शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा शब्बाथ लागे आणि घाणे थांबत, ते शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत. माणसांना विश्रांती, तशीच बैलांनाही. म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. बैलांना कुणी विचारलं असतं, तर जगात यहुद्यांइतका चांगला धर्म नाही असंच त्यांनी सांगितलं असतं.

त्यांचं प्रार्थनाघर म्हणजे कौलारू छपराची एक खोली. खोलीच्या मधोमध, उंचावर, गडद निळ्या काचेची एक हंडी टांगलेली असे. शुक्रवारी दिवस कलला की दाराशी एक तपेलं ठेवत आणि त्यावर पांढरं फडकं टाकत. प्रत्येक घरानं येताना बुधल्यातून पळीभर तेल आणायचं आणि फडक्याखाली हात घालून ओतायचं. कुणी किती दिलं ते कुणाला दिसू नये, म्हणून ते फडकं. त्या तेलावर हंडी पेटे आणि शब्बाथभर जळे. दिवाबत्तीचं काम एका म्हाताऱ्याकडे होतं. त्याला सगळे आबा म्हणत. हंडी उतरवणं, पुसणं, भरणं हे सगळं आबा एकटेच करत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

या तेल्यांना गरिबीची लाज नव्हती, भांडणाचीही फारशी नव्हती. लाज एकाच गोष्टीची, तेलात पाणी मिसळण्याची. असं करणाऱ्याला ते 'पाणतेल्या' म्हणत. ही शिवी एकदा नावाला चिकटली की त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकत नसे आणि लेकीला स्थळ येत नसे.

मग एक वाईट वर्ष आलं. आधी तुफान झालं आणि निम्म्या नारळी आडव्या पडल्या. तीळ शेतातच कुजला. मागून तापाची साथ आली. सगळं ओसरल्यावर मोजदाद केली, तर चौदा घरांत मिळून जाणते पुरुष उरले होते दहा.

दहा हा आकडा साधा नव्हे. यहुद्यांमध्ये गेलेल्या माणसासाठी 'कद्दिश' नावाची प्रार्थना म्हणतात. मजा अशी, की त्या प्रार्थनेत मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती आहे. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. 'आमेन', म्हणजे 'तसंच होवो', म्हणायला दहा जण लागतात. ज्याचं काळीज फुटलंय त्यानं एकट्यानं देवाची स्तुती करावी, इतकी कठोर अपेक्षा बहुधा देवालाही करवली नसावी.

या दहांतला एक होता हसाजी. तुफानात त्याचा घाणा मोडला आणि पाठोपाठ बैल मेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, तशी त्याची गत. घरातला बुधला कोरडा पडला, तेव्हापासून त्यानं प्रार्थनाघराचं तोंड पाहिलं नव्हतं. चार शुक्रवार झाले. उरलेले नऊ जण जमत, जमेल तेवढी प्रार्थना म्हणत आणि कद्दिश न म्हणताच घरी जात.

पाचव्या शुक्रवारी दुपारी हसाजीच्या दारात सगुलाबाई आली. तिचा एकुलता एक मुलगा मुसाजी गेल्या वर्षी होडी उलटून खाडीत बुडाला होता.

हसाजी ओट्यावर मोडक्या घाण्याकडे बघत बसला होता. तो उठून उभा राहिला. "या काकी. बसा."

"बसायला वेळ नाही रे. आज सूर्य मावळला की मुसाजीचा वर्षाचा दिवस लागतो. कद्दिश म्हणायची आहे. तू आलास तर दहा होतात."

हसाजीनं मान खाली घातली. "काकी, माझ्या घरात थेंबभर तेल नाही. तेल्यानं रिकाम्या हातानं देवाच्या दारात जायचं?"

"मी तेल मागायला आले नाही. तुझं आमेन मागायला आले."

"आणि त्या आमेनचा उपयोग काय?" हसाजीचा आवाज चढला. "तुफानात ओरडलो, तापात ओरडलो. ऐकलं का त्यानं? तुमच्या मुसाजीसाठी ऐकलं?"

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून निघून गेले होते.

"मला माहीत नाही," सगुलाबाई म्हणाली. "वर्षभर मीसुद्धा हेच विचारतेय त्याला. पण एकटीनं विचारलं की वेड लागायची पाळी येते. चार माणसांत बसून विचारलं की रात्री झोप तरी लागते. येशील तर ये बाबा."

ती गेली. आत हसाजीची बायको रिबका तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जा," ती म्हणाली.

"नऊ जणांसमोर रिकामी पळी घेऊन?"

"मग तसाच जा."

हसाजी स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं बुधला उचलला आणि माठातलं पाणी त्यात ओतलं. रिबका नुसती बघत राहिली.

"फडकं असतं वर," तिच्याकडे न पाहता तो म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या तेलात माझं पळीभर पाणी कुणाला कळणार?"

तो पोचला तेव्हा ऊन खाडीच्या पाण्यावर आडवं पसरलं होतं. नऊ जण आत जमले होते, बायका एका बाजूला बसल्या होत्या. हसाजीला पाहताच सगळ्यांचे चेहरे खुलले. कुणी खोचक बोललं नाही, इतके दिवस होतास कुठे असंही विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्यानं फडक्याखाली हात घातला, पाणी ओतलं आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

आबांनी हंडी खाली उतरवली. तपेलं जवळ ओढलं.

हसाजीचं लक्ष सगुलाबाईकडे गेलं. ती त्या हंडीकडे बघत होती. सूर्य बुडायला आता थोडाच अवकाश होता. एकदा सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, मग दिवा पेटवायचा नाही आणि वातीलाही हात लावायचा नाही. आत्ता पाण्यामुळे दिवा लागला नाही, तर तिच्या मुलाचा दिवस अंधारात जाणार होता. आणि बोलावं, तर जन्मभराची शिवी कपाळी येणार होती. गप्प राहिलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं.

"थांबा आबा!" हसाजी पुढे आला. "त्यात पाणी आहे. मी ओतलंय. माझ्या घरात तेल नव्हतं आणि ते सांगायची हिंमत नव्हती. मी पाणतेल्या आहे. कुणाच्या घरी चमचाभर तेल असेल तर पळत जाऊन घेऊन या, पण हे हंडीत ओतू नका."

मग कोपऱ्यातून एक जण घसा खाकरून म्हणाला, "मीपण पाणीच ओतलंय."

"मीपण," दुसरा म्हणाला. "तीन आठवडे झाले."

मग तिसरा बोलला, चौथा बोलला. जे बोलले नाहीत त्यांनी नुसत्या माना हलवल्या. गावातला सगळ्यांत फुशारकी मारणारा तेली, ज्याच्या दारात अजून दोन बैल उभे होते, त्यानं तर पागोट्याच्या टोकानं तोंड झाकून घेतलं. त्याच्याकडे बैल होते, पण त्यांना गाळायला तीळच नव्हता.

आबांनी फडकं बाजूला केलं. सगळे वाकून बघू लागले. तपेलंभर पाणी होतं आणि वर तेलाचा बोटभरसुद्धा जाड नसलेला पिवळा थर.

"हे तेल कुणाचं?" आबांनी विचारलं.

"माझं," सगुलाबाई म्हणाली. "मुसाजीसाठी घरात दिवा लावायचा म्हणून जपून ठेवलं होतं. मग वाटलं, चार भिंतींत एकटीनं लावून काय करू?"

हसाजीला रडू आवरेना. "काकी, तुमचं तेल आम्ही पाण्यात बुडवलं हो!"

यावर आबा हसले. दुःखाच्या प्रसंगी असं हसणं बरं दिसत नाही, पण त्यांना राहवेना.

"तेलाला बुडवलं? अरे, तुम्ही तेली ना? तेल पाण्यात बुडतं का कधी?"

त्यांनी हंडी सगळ्यांसमोर धरली. "हंडी ही एवढी खोल आणि वात इथं, वरच्या तारेत. पळी-पळी तेलानं ही कधी भरेल? माझ्या बापानं मला शिकवलं, खाली पाणी घालायचं आणि वर तेल. पाणी तेलाला उचलतं, वातीपाशी नेतं. चाळीस वर्षं मी दर शुक्रवारी विहिरीवरून पाणी आणून हिच्यात ओततोय."

"चाळीस वर्षं? आम्हाला कधी सांगितलं नाहीत?"

"तेल्यांना सांगू, की तुमच्या तेलात मी पाणी घालतो? मला जिवंत ठेवलं असतंत का? आता चार आठवडे झाले, पाणी तुम्हीच आणताय. माझी विहिरीची खेप वाचली, म्हणून गप्प होतो. फक्त दहावा का येत नाही, ते कळत नव्हतं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बोलून झालं का सगळ्यांचं? सूर्य टेकलाय."

आबांनी तपेलं हंडीत रितं केलं. आधी सगळं गढूळ दिसलं. मग तेलाचे थेंब एकेक करून वर आले, एकमेकांना मिळाले आणि वातीशी जाऊन थांबले. आबांनी वात पेटवली. निळी हंडी उजळली, आणि त्याच घटकेला खाडीपल्याड सूर्य बुडाला.

कद्दिश झाली. आबांनी मुसाजीच्या नावानं ती म्हटली आणि बाकीच्या नऊ जणांनी आमेन म्हटलं. हसाजीचं आमेन सगळ्यांत मोठं होतं. देवानं ते ऐकलं की नाही, ते देवाला ठाऊक. सगुलाबाईनं मात्र ऐकलं, आणि वर्षभरानं पहिल्यांदा ती सगळ्यांसमोर मोकळी होऊन रडली. बायका तिच्याभोवती बसून राहिल्या.

दिवा शब्बाथभर जळला, असं मी सांगणार नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. थोडंसंच तेल होतं, ते संपल्यावर वात पाण्याला टेकली आणि चुर्र करून विझली. पण तोवर प्रार्थना पुरी झाली होती, आणि माणसं 'शब्बाथ शालोम', म्हणजे 'शब्बाथ शांततेचा जावो', म्हणत एकमेकांचा हात धरून बाहेर पडत होती.

रविवारी सकाळी तो दोन बैलवाला हसाजीच्या दारात आला. बरोबर एक बैल होता. "हा तुझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "घाणा नीट कर. तीळ पिकला की आपण मिळून गाळू." लाज एकदा उघडी पडली की तिच्या ओझ्यानं वाकलेली पाठ किती सरळ होते, ते त्या दिवशी दोघांनाही कळलं.

पुढे चांगले दिवस आले. नारळी पुन्हा वाढल्या, बुधले भरले. आबा गेले आणि दिवाबत्तीचं काम हसाजीकडे आलं. दर शुक्रवारी तो सगळ्यांदेखत आधी पाणी ओते आणि मग तेल. मुलं त्याला 'पाणतेल्या आबा' म्हणून हाक मारत, आणि तो खुशाल ओ देत असे.

एका शुक्रवारी त्याला दिसलं, की बाहेर एक परका माणूस उभा आहे. अंगावरचे कपडे विटलेले, हात रिकामे. दाराशी यायचा, तपेलं पाहायचा आणि मागे सरायचा.

हसाजी बाहेर गेला. त्यानं त्या माणसाच्या हातात एक रिकामा तांब्या दिला.

"विहीर त्या बाजूला आहे," तो म्हणाला. "भरून आण बाबा. आम्ही तुझ्यासाठी थांबलोय."

तात्पर्य: वाईट दिवसांत ज्याच्याकडे तेल असेल त्यानं तेल न्यावं, नसेल त्यानं पाणी न्यावं, पण लाजून घरी बसू नये. दिव्याला दोन्ही लागतं, आणि आमेनला माणसं लागतात.