थोरलीचा डावा हात

एका ओढ्याकाठच्या रानात वानरांची एक टोळी नांदत होती. ते रान आता विरळ झाले आहे, मुलांनो; पण तेव्हा एकदा झाडावर चढलेले वानर जमिनीला पाय न लावता तीन दिवस हिंडू शके. पिल्लांची शाळा मोठ्या उंबरावर भरे. सत्र संपले की म्हातारे वानर गुरुजी पळसाच्या पानावर नखाने शेरे कोरून घरोघरी धाडत.

त्या टोळीतल्या एका वानरिणीला दोन लेकरे होती. थोरली लेक शाळेत जाई. धाकटे अजून तान्ह्या पिल्लासारखे काळेभोर, अंगावर पिणारे. दुसऱ्या सत्राचे पान आले, ते वाचून बापाची शेपटी ताठ झाली. पहिल्या सत्रात 'उडी : उत्तम' होते, आता 'उडी : बेताची' झाले होते. वानराच्या पोरीला उडी येऊ नये, म्हणजे चारचौघांत नाक कापले जाण्यासारखेच! त्याच पानावर 'फांदीची पारख' या विषयात 'साधारण'चे 'उत्तम' झाले होते, पण तिकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. पोर लाडावली आहे, खेळात रमते आहे, असे त्याने ठरवून टाकले. वार्षिक परीक्षेची उडी ओढ्यावरून मारायची होती आणि ओढ्यात खडक होते. तिथे फांदी हुकली तर पोर जिवाला मुकेल, म्हणून उद्यापासून खेळ बंद, सकाळी ओढ्यावर सराव, असा हुकूम सुटला.

दुपारी टोळी पेंगत होती तेव्हा वानरीण दोन्ही पाने समोर ठेवून बसली. उडी घटली आणि पारख वाढली, हे एकाच पोरीचे एकाच सत्रात कसे झाले, ते तिला उमगेना. शेवटी ती गुरुजींकडे गेली. लहानपणी तीही त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

गुरुजी म्हणाले, "फांदी दहा वेळा चाचपल्याशिवाय ती पाय ठेवत नाही, म्हणून पारख उत्तम. पण उडी मारताना डावा हात पोटाशी धरते. पोटाशी कुणी नसतं, तरी धरते. मग उरलेल्या एका हाताला फांदी कशी गवसणार?"

वानरिणीला आता उलगडा झाला. धाकटे झाल्यापासून तिने त्याला कितीदा थोरलीच्या पोटाशी दिले होते. पाला खायला जाताना, पाण्यावर जाताना, नुसती डुलकी आली तरी. "धर गं जरा," एवढे म्हणायचा अवकाश, पोर हात पुढे करी. आणि मग तिला याच रानातले आपले लहानपण आठवले. जांभळे पिकली की सगळ्या पोरी शेंड्यावरून शेंड्यावर झेपावत, कानात वारा भरून जाई. पुढे धाकटी बहीण झाली आणि ती खालच्या फांदीवर बसून मैत्रिणींचा कल्ला ऐकू लागली. बहीण आपल्या पायांनी हिंडू लागली तरी हिचा हात पोटाशीच राहिला. तिच्याही पानावर 'बेताची' असे आले होते, तिच्याही बापाने तिला आळशी म्हटले होते. ते जांभळांचे दिवस पुन्हा आले नाहीत. तिला फार वाईट वाटले, आणि लेकीचेही तेच आपण केले याचे त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली ओढ्यावरच्या फांदीच्या टोकाशी उभी होती. मागून बाप घाई करत होता. तिचा डावा हात पोटाशी होता. तेवढ्यात धाकट्याला घेऊन वानरीण धापा टाकत आली.

"थांब गं," ती म्हणाली. "बाळ माझ्यापाशी आहे. तो हात सोड."

थोरलीने वळून पाहिले. "आणि तू पाल्याला गेलीस की?"

"तेव्हा तुझे बाबा आहेत," असे म्हणून वानरिणीने धाकट्याला बापाकडे दिले. बाप काही बोलणार, तोच ते त्याच्या पोटाला घट्ट बिलगले.

थोरलीने हात सोडला. त्या मोकळ्या हाताचे काय करावे, हेच क्षणभर तिला कळेना. मग तिने झेप घेतली आणि पलीकडची फांदी दोन्ही हातांनी पकडली. लगेच ती परत आली आणि कुणी न सांगता पुन्हा गेली. पलीकडून तिचे हसणे ऐकू येत होते. वानरीण ते ऐकत उभी राहिली.

बापाने दोनदा घसा खाकरला. आपल्या झाडावर जायला त्याने नेहमीसारखे पाय रोवले. पण एक हात धाकट्याला धरण्यात गुंतला होता आणि रोजची फांदी आज फारच लांब वाटत होती. शेवटी टोळीतला तो सर्वांत दांडगा वानर खोडाला धरून, जपून एकेक पाऊल टाकत खाली उतरला.

तात्पर्य : मुलाचे गुण का घसरले हे त्याला विचारण्याआधी, त्याचे हात आपणच कशात गुंतवून ठेवले आहेत ते पाहावे.