गोमाजीने नकाशा हिरवा केला

एका गावात एक भोळा माणूस घंटागाडी चालवायचा. त्याचं नाव गोमाजी. गावाची नुकतीच नगरपंचायत झाली होती. कचरा जुनाच होता, पण त्याला आता मोबाईलचं नवं ॲप मिळालं होतं. दारादारावर काळ्या ठिपक्यांची एकेक पाटी ठोकलेली होती. गाडीवाल्याने तिच्यासमोर मोबाईल धरला की कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर ते घर लालचं हिरवं व्हायचं. साहेब लोक मग गाव बघायचं सोडून पडदाच बघायचे. उन्हात जावं लागत नव्हतं, म्हणून ॲप सगळ्यांना फार आवडलं.

रंगनाथ मुकादम गोमाजीला म्हणाले, "शुक्रवारी जिल्ह्याची समिती येतेय. त्या दिवशी नकाशा पुरा हिरवा दिसला तर तुला कायम करतो. एक जरी घर लाल दिसलं, तर तू घरी. प्रत्येक पाटीसमोर मोबाईल धरायचा. कळलं?"

"कळलं," गोमाजी म्हणाला. सहा वर्षं तो रोजंदारीवर होता. बायकोने, हौसाबाईने, त्याच संध्याकाळी देवाला नारळ बोलून ठेवला.

सोमवारी गोमाजीने प्रत्येक पाटीसमोर मोबाईल धरला. नऊच्या आत गाव हिरवंगार! कचेरीत पेढे वाटले गेले. दुपारी बायका भरलेल्या बादल्या घेऊन कचेरीवर आल्या. कचरा कुणी उचललाच नव्हता.

"अरे शहाण्या, कचरा कुठाय?" मुकादम ओरडले.

"कचऱ्याचं तुम्ही बोललाच नाहीत."

"दारातलं काहीतरी उचलल्याशिवाय पाटीसमोर मोबाईल धरायचा नाही!"

"असं होय? मग आधी सांगायचं ना."

मंगळवारी तो गंगूआजींच्या दारात गेला. आजी शिळं गाईला घालायच्या, साली आळ्यात टाकायच्या, कागद बंबात घालायच्या. त्यांच्याकडे कचराच नव्हता. गोमाजीने दारात इकडेतिकडे पाहिलं. मग त्याने आजींच्या चपला उचलल्या आणि घर हिरवं केलं. पुढे पाटलांकडे सत्यनारायण होता. तिथे दारात चपलाच चपला. एका दारात एवढं मिळालेलं बघून गोमाजीला फार बरं वाटलं. साठ माणसं प्रसाद घेऊन अनवाणी घरी गेली.

"अरे, ज्याचं असेल त्याला विचारायचं!" मुकादमांनी कपाळाला हात लावला. "तो 'नको' म्हणाला तरच उचलायचं!"

"असं होय? मग आधी सांगायचं ना."

बुधवारी दामू शिंप्याच्या घरी भांडण जुंपलं होतं. गोमाजीने वत्सलाबाईंना अदबीने विचारलं, "बाई, हे तुमचेच ना?"

"माझेच! नशीब माझं!"

"हवेत का?"

"मुळीच नकोत! घेऊन जा!"

गोमाजीने दामू शिंप्याला उचललं. आता गाडीत ओल्या कचऱ्याच्या कप्प्यात ठेवायचं की सुक्या? शिंपी नुकताच अंघोळ करून आला होता, म्हणून ओल्या. ओढ्याकाठच्या ढिगावर त्याला रिकामा केला. बिचारा तीन मैल चालत परत आला आणि तिथे काय काय पाहिलं ते गावभर सांगत सुटला.

मुकादमांचा चेहरा उतरला. कारण ॲपच्या नकाशावर त्या जागी 'खत प्रकल्प' असं लिहिलेलं होतं, शेजारी एक झाडही काढलेलं होतं.

"माणूस हा कचरा नसतो रे! माणूस न्यायचा नाही! आणि गाडी रिकामी केलीस की फोटो काढून ॲपवर टाक. काय ओतलंस ते मला दिसू दे."

"असं होय? मग आधी सांगायचं ना."

गुरुवारी काहीच घडलं नाही. मुकादमांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

शुक्रवारी समिती आली. पडद्यावर सगळं गाव हिरवं होतं. लाल होती फक्त एक इमारत, नगरपंचायतीची कचेरी. "अरे, पळ!" मुकादम गोमाजीच्या कानात म्हणाले. "इथलं काहीतरी उचल!"

गोमाजी विचारत फिरला. तीन वर्षांच्या तक्रारअर्जांचे गठ्ठे नकोत का? नियमाप्रमाणे हवेत. खुर्ची? मोठ्या साहेबांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोमाजीला हौसाबाईचा नारळ दिसायला लागला.

तेवढ्यात व्यासपीठावर समितीच्या अध्यक्षांनी नगराध्यक्षा यमुनाताईंना शाल आणि स्वच्छतेची ढाल दिली. यमुनाताई माईकवर नम्रपणे म्हणाल्या, "एवढा मोठा सन्मान मला नको! खरंच नको!"

गोमाजी वर गेला. शाल उचलली, ढाल उचलली. कपाटात ठेवायला नेतोय असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. कचेरी हिरवी झाली.

अर्ध्या तासाने अध्यक्ष खत प्रकल्पाचं कौतुक करत असताना पडदा टिंग वाजला. फोटो आला. ओढ्याकाठचा डोंगराएवढा ढीग, त्यावर चार डुकरं, आणि अगदी टोकावर शाल पांघरलेली ढाल. खाली अक्षरं होती, 'काम पूर्ण. धन्यवाद.'

"खत प्रकल्प तो हाच का?" अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष उठले आणि चहा न घेताच गाडीत जाऊन बसले.

मागोमाग गोमाजी हसत आला. "मुकादम, एकही लाल नाही. आता कायम करा."

"कायम?" मुकादम ओरडले. "तू माणूसच नाहीस! नगरपंचायतीला तू नकोस! अजिबात नकोस!"

गोमाजीने नीट विचार केला. माणूस न्यायचा नसतो, पण आपण माणूस नाही. आपण नगरपंचायतीचे, आणि नगरपंचायत 'नको' म्हणते.

तो बाहेर गेला आणि घंटागाडीवर चढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून ओल्या कप्प्यात बसला.

"मुकादम," त्याने आतून हाक मारली, "गाडी तेवढी कुणाला तरी चालवायला सांगा. आणि ओतून झालं की फोटो काढायला विसरू नका."