काउंटर सोडल्याचा मेमो

साताऱ्यातल्या त्या झगमगीत किराणा मॉलमध्ये बिलाचा काउंटर आणि आतला वजनकाटा, दोन्हींना मिळून माणूस एकच: हेमांगी शेडगे. ती डाळ तोलायला गेली की इकडे रांग वाढायची आणि मॅनेजर दाभाडे तिला काउंटर सोडल्याचा मेमो द्यायचे. दोन मेमो झाले होते. तिसऱ्याला नोकरी जाणार होती.

शनिवारी भर गर्दीत दाभाडे तिसरा मेमो लिहूनच आले. "एका माणसाचं तर काम! जमत नाही म्हणजे काय?"

"साहेब, एकदा करून दाखवा. मी शिकेन."

दाभाडे ऐटीत खुर्चीवर बसले. रांगेतल्या पहिल्याच आजींनी पिशवी पुढे केली. "तूरडाळ तोलायची राहिलीय बघा."

"काट्यावर कोण आहे?" दाभाडे ओरडले.

"आत्ता तुम्हीच, साहेब."

दाभाडे पिशवी उचलून तणतणत निघाले. काट्यापाशी पोचतात तोच मागून हेमांगीने विचारलं, "साहेब, काउंटर सोडलात. मेमोवर नाव तुमचं घालू का?"

"घाल गं पोरी, साक्षीला मी आहे!" आजी म्हणाल्या आणि अख्खी रांग खो-खो हसली.

दाभाड्यांनी मेमो फाडला. वर्षभर 'माणसंच मिळत नाहीत' म्हणणाऱ्या त्या मॉलला सोमवारी सकाळी काट्यासाठी माणूस मिळाला.