खेकडीचे ओरखडे

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ओढ्यातली खेकडी रोज सकाळी पाणी जिथवर असेल तिथं खडकावर ओरखडा काढायची. ओरखडे खाली खाली सरकू लागले. पलीकडच्या डोंगरावर झाडं मोजणाऱ्या धनेश पक्ष्याशी तिनं ताळा जुळवला. तिकडं झाडं पडली की इकडं पाणी उतरत होतं.

ती ओढ्यावर आलेल्या बिबट्याकडे गेली, ओरखडे दाखवून म्हणाली, "बिबटेराव, दोन्ही डोंगर मिळून राखायला हवेत."

"माझं रान ओढ्यापाशी संपतं. तिकडचं मला सांगू नकोस. आणि ते ओरखडे पूस."

"नाही पुसणार. तुम्ही पुसलेत तर उद्या पुन्हा काढीन. नवा ओरखडा आणखी खाली असेल, एवढंच."

बिबट्या गुरगुरत पाणी प्यायला वाकला. मान शेवटच्या ओरखड्याखाली गेली, तरी जिभेला वाळूच लागली.